आयरिश गावातला खून: बाई ठेवा, बाकीचं हलवा

तुमचा आराखडा असा आहे. वेक्सफर्ड काउंटीच्या किनाऱ्यावरचं एक काल्पनिक गाव. 20 जूनची अंधारी रात्र, नऊची वेळ, हॉटेलमालकाला कड्यावरून कुणीतरी ढकलतं. सकाळी ओहोटीला प्रेत वाळूत सापडतं. गावचा इन्स्पेक्टर गोंधळतो. बायकोला डावलून सगळी इस्टेट भाचीला देणारं मृत्युपत्र निघतं. मुलीकडे तीन महिन्यांसाठी आलेल्या पुण्याच्या निवृत्त शिक्षिका खुनी शोधतात आणि हॉटेलच्या दिवाणखान्यात सगळ्यांना बसवून उलगडा करतात. तुम्ही विचारलंय की कोझी, म्हणजे फारसा रक्तपात न दाखवणारी घरगुती थाटाची, रहस्यकथा म्हणून हे उभं राहील का, आणि यात आयर्लंड म्हणून काय खटकतं.

बाई ठेवा. बाकीचं बरंच हलवावं लागेल. मी मूळची वेंगुर्ल्याची, गेली सतरा वर्षं आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका लहान गावात राहते, आणि रहस्यकथांची हस्तलिखितं तपासणं हे माझं पोटापाण्याचं काम. तेव्हा थोडं फटकळपणे लिहिते, राग मानू नका.

आधी तुमची अंधारी रात्र. 20 जूनला नऊ वाजता तिथे लख्ख उजेड असतो. सूर्य दहाच्या आसपास मावळतो आणि पुढे तासभर आभाळ विझत नाही. त्या वेळी कड्यावर कुत्री फिरवणारी चार माणसं असतात, आणि पोरं धक्क्यावरून पाण्यात उड्या मारत असतात. अंधार हवा असेल तर डिसेंबर घ्या. सकाळी साडेआठ उलटल्यावर उजाडतं, दुपारी साडेचारच्या आत सूर्य गेलेला असतो. मी तर 26 डिसेंबर घेईन, सेंट स्टीफन्स डे. काही गावांत, केरीतल्या डिंगलला तर फारच जोरात, त्या दिवशी ‘रेन बॉइज’ निघतात. अंगभर पेंढ्याचे पोशाख, तोंडावर मुखवटे, ढोल आणि बासऱ्या. आपल्या शिमग्यातली सोंगंच म्हणा. मुखवट्याआड कोण आहे ते कळत नाही असं सगळे म्हणतात, आणि चालीवरून सगळे सगळ्यांना ओळखतात.

तुमच्या कथेत नेमकं हेच नाही. तुमचं गाव अडाणी आहे, त्याला काहीच माहीत नाही आणि बाई येऊन त्याला सांगतात. खऱ्या आयरिश गावात खुनाच्या दुसऱ्या दिवशी निम्म्या लोकांना अंदाज असतो, आणि दोघा-तिघांना नक्की माहीत असतं. पेपरवाले आरोप ठेवला जाईपर्यंत नाव छापत नाहीत. ‘चाळिशीतल्या एका पुरुषाला अटक’ एवढंच येतं. पण तो पेपर दुकानात येण्याआधीच दुकानात नाव पोचलेलं असतं. तुमच्या बाईंनी बोटांचे ठसे शोधत बसू नये. कोण कुणासमोर तोंड उघडेल आणि का उघडत नाही, एवढं त्यांनी हुडकावं. त्या शिक्षिका आहेत, वर्गात खडू कुणी फेकला हे सगळ्या वर्गाला माहीत असताना ते काढून घ्यायची त्यांना सवय आहे.

आता पोलीस. ‘गावचा इन्स्पेक्टर’ आपल्या तालुक्याच्या ठाण्यातून चुकून तिकडे गेलाय. आयर्लंडचं पोलीस दल म्हणजे गार्डा शीओखाना, 1922 पासूनचं. गणवेशातल्या बहुतेकांकडे पिस्तूल नसतं. बोलताना कुणी ‘पोलीस’ म्हणत नाही, ‘द गार्ड्‌स’ म्हणतात. 2012 आणि 2013 मध्ये शंभराहून जास्त लहान ठाणी बंद झाली, त्यामुळे तुमच्या गावात ठाणं असलंच तर ते थोडेच तास उघडं. एक सार्जंट आणि शेजारच्या गावांतही फिरणारे एकदोन गार्ड. खून झाला की त्यांचं काम फीत बांधून जागा राखायचं. डब्लिनहून टेक्निकल ब्युरोची माणसं येतात, सरकारी न्यायवैद्यक तज्ज्ञ येतात, तपासाची खोली जवळच्या मोठ्या ठाण्यात उघडते. गावचा सार्जंट फितीशी पावसात उभा, कुणीतरी आणून दिलेला चहा हातात. गाव त्याला तळहातासारखं माहीत, पण तपास त्याच्या हातात नाही. कोझी लिहिणाऱ्याला याहून चांगला जोडीदार कुठे मिळणार? इन्स्पेक्टर काढा, हा सार्जंट घ्या.

अटकेचंही तसंच. 1984 च्या कायद्याखाली संशयिताला चौकशीसाठी 24 तास ठेवता येतं, झोपेचा वेळ त्यात धरत नाहीत. 2014 पासून चौकशीच्या खोलीत वकील शेजारी बसतो. आणि खुनाचा आरोप ठेवायचा की नाही हे गार्डा ठरवत नाहीत, ते सरकारी अभियोग संचालक ठरवतात, ज्यांना सगळे नुसतं डीपीपी म्हणतात. बातमीतलं ठरलेलं वाक्य: आरोप न ठेवता सुटका, फाइल डीपीपीकडे जाणार. मग तो माणूस घरी येतो. दुसऱ्या दिवशी दुकानात दूध घ्यायला येतो. काउंटरवरची बाई म्हणते, “आज जरा बरी हवा आहे, देवाची कृपा.” बाहेर धो धो पाऊस. तो म्हणतो, “हो, बरी आहे.” सुटे पैसे मोजून घेतो आणि जातो. दार लागल्यावर कुणी काही बोलत नाही, कारण तुमच्या बाई ब्रेडच्या फळीशी उभ्या आहेत. हा प्रसंग तुमच्या तीन चौकशांपेक्षा जास्त काम करील.

कॉरोनर विसरू नका. मुंबईतही 1999 पर्यंत कॉरोनर होता, त्यामुळे जुन्या वाचकांना शब्द परका नाही. आयर्लंडमध्ये तो डॉक्टर किंवा वकील असतो. मेला कोण, कधी, कुठे, कसा एवढंच तो ठरवतो, दोषी कोण ते नाही. संशयास्पद मृत्यू असेल तर 6 ते 12 जणांची ज्यूरी बसते. फौजदारी खटल्याची शक्यता असली की गार्डांच्या विनंतीवरून ती चौकशी पुढे ढकलतात. म्हणून तिथे उलगडा करायचा मोह आवरा.

उलगड्याची जागा मी सांगते, पण त्यासाठी आधी मयताला जावं लागेल.

आयर्लंडमध्ये माणूस गेला की साधारण दोन-तीन दिवसांत दफन होतं. बातमी आरआयपी डॉट आयई या संकेतस्थळावर येते, जे लोक सकाळी उठल्याउठल्या बघतात, आणि बऱ्याच भागांत स्थानिक रेडिओवरही मयतांची नावं वाचतात. मग घरी ‘वेक’, म्हणजे मयताच्या घरी शेवटच्या भेटीला जमणं. पहिल्यांदा गेले तेव्हा मी पांढरी साडी नेसून गेले होते, आठवलं की अजून कानकोंडं होतं. फाटकापासून रांग. पिवळं जाकीट घातलेले शेजारी शेतात गाड्या लावून देतायत. पुढच्या खोलीत उघडी शवपेटी, भिंतीला लागून घरचे ओळीने बसलेले. एकेकाचा हात हातात घ्यायचा आणि म्हणायचं, “सॉरी फॉर युअर ट्रबल.” तेवढंच. स्वतःचं वाक्य जुळवायला गेलात की समोरचा बावरतो. मग पेटीपाशी क्षणभर, आणि तिथून स्वयंपाकघर. इथे सगळी कथा असते. किटली कधी बंद नाही, हॅमचे आणि अंड्याचे सँडविच, फ्रूटकेक, हॉलमधून उसने आणलेले कप. म्हातारे अंगणातल्या भिंतीला टेकून शेताच्या किमती बोलतायत. कोण आलं आणि कोण आलं नाही याची नोंद वहीशिवाय ठेवली जाते. कुणी हात मिळवताना कोणाला वगळलं ते तर संध्याकाळच्या आत चार मैलांवर पोचतं.

आता खून झालेला असेल तर देह कॉरोनरच्या ताब्यात. शवविच्छेदन व्हायचं, मग घरच्यांना मिळायचा. गाव सँडविच करून बसलंय आणि मयतच घरात नाही. हे दोन-चार दिवस फार विचित्र असतात. लोकांना नेहमीचं काहीतरी करायचं असतं आणि करता येत नाही, म्हणून बोलतात. जे एरवी वर्षभर बोलले नसते ते बोलतात. तुमच्या कथेचा मधला भाग इथे बसवा. आणि बरोबर महिन्याने ‘मन्थ्स माइंड’. वसई-गोव्याकडचे वाचक लगेच ओळखतील, महिन्याचा मिस्सा, म्हणजे गेलेल्यासाठी चर्चमधली प्रार्थना. घरचे, शेजारी, वैरी, सगळे येतात, न येणं म्हणजे कबुलीच. दिवाणखान्यात संशयितांना बोलावून बसवायचा तुमचा प्रसंग मला पटत नाही, कारण परक्या बाईंच्या बोलावण्यावरून कुणी येणार नाही. मिस्सा झाल्यावर चहाला सगळे आपसूक थांबतात. बाईंना कुणालाही बोलवावं लागत नाही. तीन महिन्यांच्या मुक्कामात महिना आरामात बसतो.

बाजूला एक सांगते: खेड्यांत पबचा मालकच अंत्यविधीची व्यवस्था पाहणारा असणं अजूनही दिसतं. एकोणिसाव्या शतकात बेवारस मयत जवळच्या पबच्या थंड तळघरात ठेवत, चौकशीही तिथेच बसे. तुमच्या हॉटेलमालकाचा प्रतिस्पर्धी हा पबवाला असेल, तर मेलेल्याला शेवटचा कोट तोच घालणार. वापरा.

भरती-ओहोटीवर मात्र मी अडून बसणार, वेंगुर्ल्याची आहे मी. तुमची सगळी भिस्त ओहोटीवर आणि गाव घेतलंय वेक्सफर्डच्या किनाऱ्यावर. तिथे कूर्टाऊनच्या आसपास पाणी चढतं-उतरतं इतकं कमी की स्थानिकांना त्याचं काही वाटत नाही. आयरिश समुद्रात भरतीची लाट ज्या जागेभोवती फिरते ती त्याच्या जवळ आहे. चक्राच्या आसाजवळ हालचाल कमी, तसं. उलट पश्चिमेला गॉलवेकडे उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त वरखाली होतं. म्हणून गाव उचला आणि कनेमाराच्या किनाऱ्याला न्या. तिथे क्लॅडडफ गावासमोर ओमी नावाचं बेट आहे. ओहोटीला वाळूतून चालत, गाडी घेऊनसुद्धा जाता येतं, वाटेवर खुणेचे खांब रोवलेत. भरतीला ते बेट. स्लायगोजवळच्या कोनी बेटाच्या वाटेवर असेच 14 दगडी खांब आहेत. तुमचं बेट काल्पनिकच ठेवा, पण वागणूक या दोघांची द्या.

मग खुनाची साक्ष अशी फुटेल. ओहोटी रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. म्हणजे आठवड्यात सहा तासांच्या आसपास, आणि ज्या वेळी या सोमवारी ओहोटी होती त्या वेळी गेल्या सोमवारी भरती असणार. तुमचा साक्षीदार म्हणतो, “मी दर सोमवारी दुपारी दोनला बेटावरून चालत येतो.” सार्जंट लिहून घेतो. डब्लिनचे अधिकारी मान डोलावतात. दर सोमवारी दोनला चालत येणं समुद्राला मंजूर नाही. हे गावातल्या प्रत्येकाच्या लक्षात आलेलं असतं, आणि कुणी बोललेलं नसतं. बाईंच्याही लक्षात यावं, पण पुण्याच्या बाईंना हे कुठून कळणार? त्यांना माहेर मालवणचं द्या. बाबांच्या तोंडी उधाण आणि भांग, म्हणजे मोठी भरती आणि लहान भरती, हे शब्द ऐकत वाढलेल्या. आणखी एक फायदा होईल: मालवण म्हटल्यावर गावातला कुणीतरी विचारील, “म्हणजे लिओच्या बापाच्या गावाजवळच्या का तुम्ही?” दोनदा टीशॉक, म्हणजे पंतप्रधान, झालेले लिओ वराडकर यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे. बाईंना चहाचा पहिला कप त्यावर मिळेल.

कड्यावरून पडलेला माणूस सकाळी नेमका खालीच सापडेल हेही गृहीत धरू नका. डिसेंबरचं पाणी थंड, देह लवकर वर येत नाही, येतो तो दुसऱ्याच खाडीत. आणि पडला की ढकलला हे शवविच्छेदनातून बहुतेक वेळा सांगता येत नाही. तुम्हाला ही अडचण वाटेल, पण तुमच्या कथेला ही देणगी आहे, कारण ‘अपघात’ म्हणायची सोय सगळ्या गावाला आठवडाभर मिळते. शोधायला लाइफबोट जाते, तिच्यावरचे बहुतेक लोक स्वयंसेवक. पेजर वाजला की पबवाला ग्लास ठेवून, सुतार करवत ठेवून पळतो. तुमचे तीन संशयित एकाच बोटीत बसून मेलेल्याला शोधतायत, एवढं चित्र मला फुकट द्यावंसं वाटत नाही, पण घ्या. स्वेटरच्या विणीवरून बुडालेल्याची ओळख मात्र पटवू नका. घराण्यागणिक वेगळी वीण ही नंतर रुजलेली कहाणी आहे. आयरिश नाटककार जॉन मिलिंग्टन सिंग यांच्या 1904 च्या ‘रायडर्स टू द सी’ या नाटकात ओळख पटते ती हातमोज्यांनी नाही, स्वेटरनेही नाही, पायमोज्याच्या सुटलेल्या टाक्यांनी.

मृत्युपत्र. इथे तुमचा हेतूच कोसळतो. 1965 च्या वारसा कायद्याप्रमाणे मुलं नसतील तर नवऱ्याच्या इस्टेटीचा अर्धा, असतील तर तिसरा हिस्सा बायकोचा. मृत्युपत्रात काहीही लिहा. भाचीला ‘सगळं’ मिळू शकत नाही, आणि खून करणाऱ्याला तर मेलेल्याच्या इस्टेटीतलं काहीच मिळत नाही. तेव्हा पैसा सोडा, जमीन धरा. सर्वांत अस्सल हेतू सांगते: बांधकामाची परवानगी. मुलाला वडिलोपार्जित शेतात घर बांधायचंय, कौन्सिलकडे अर्ज जातो. कुणीही 20 युरो भरून पाच आठवड्यांच्या आत लेखी हरकत घेऊ शकतो, आणि ती हरकत नावानिशी सगळ्यांना वाचता येते. तुमच्या हॉटेलमालकाने गेल्या दहा वर्षांत अशा सात हरकती घेतल्यात असं करा, समुद्राचा देखावा अडतो म्हणून. त्यातली एखादी अशी, की मुलगा कंटाळून ऑस्ट्रेलियाला निघून गेला आणि परत आला नाही. त्याची आई कथेत केक घेऊन वावरतेय. मी आणखी काही सांगत नाही.

पश्चिम किनाऱ्यावर समुद्रशेवाळ काढण्याचे हक्कही काही घरांच्या जमिनीच्या कागदांत पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेले असतात. दुय्यम भांडणासाठी छान. टायडी टाउन्स, म्हणजे नीटनेटक्या गावांची स्पर्धा, 1958 पासूनची, विनोदासाठी. फुलांच्या कुंड्यांवरून मी मोठी माणसं रडताना पाहिलीत.

ढकलण्याऐवजी विष दिलं तर, असं तुम्ही शेवटी विचारलंय. बागेत फॉक्सग्लोव्ह असतं, ओढ्याकाठी पाणहेमलॉक असतं, ज्याची मुळं गाजराच्या जातीतल्या पार्सनिपसारखी दिसतात आणि जीव घेतात. पण विषाचा अहवाल यायला आठवडे लागतात, आणि तुमच्या बाई दोन दिवसांत ‘मला संशय होताच’ म्हणतात. शिंपल्यांनीही मारू नका. 1995 मध्ये किलरी खाडीतल्या शिंपल्यांनी नेदरलँड्समध्ये माणसं आजारी पडली, त्यातून अझास्पिरॅसिड नावाचं नवं विष कळलं. शिजवून ते जात नाही, पण त्याने पोट बिघडतं, माणूस मरत नाही. एखाद्याला रात्रभर संडासात बसवून, तो खुनाच्या जागी नव्हताच अशी साक्ष उपलब्ध करून द्यायला चालेल.

नावांबद्दल एकच. देवनागरी इथे वरदान आहे. शिवॉन, नीव्ह, ईफा, टायग असं उच्चाराप्रमाणे लिहा, इंग्रजी वाचकाला ज्या स्पेलिंगचा घोर लागतो तो तुमच्या वाचकाला लागणारच नाही. गाव काल्पनिक ठेवा आणि वेस्ट कॉर्कपासून लांब. तिथे 1996 च्या डिसेंबरात झालेला एक खरा खून लोकांच्या मनातून गेलेला नाही, त्याच्या सावलीत गमतीची गोष्ट बरी दिसत नाही.

राहिल्या बाई. तीस वर्षं राहिलेल्यालाही तिथे ‘ब्लो-इन’ म्हणतात, वाऱ्याने आलेला. तीन महिन्यांच्या पाहुणीला तर कुणी मोजणारच नाही, आणि म्हणून तिच्यासमोर बोललं जाईल. पण तिला काहीतरी असं दिसू द्या जे फक्त तिलाच दिसेल. आपल्याकडे स्टीलच्या भांड्यांवर नावं कोरतात, लग्नाकार्यात अदलाबदल होऊ नये म्हणून. आयरिश बायका मयताच्या घरी केकची ताटली पाठवताना खाली चिकटपट्टी लावून त्यावर नाव लिहितात, किंवा नखांच्या रंगाचा ठिपका देतात. वेकच्या रात्री बाई सिंकपाशी उभ्या राहून कप धुतायत, काम मागून घेतलंय, कुणी नको म्हटलं नाही. एक ताटली उलटी करतात. खाली नाव आहे, पण ती ओली नाही, वापरलेली नाही, मागे कपाटात धुऊन ठेवलेली. म्हणजे ती आज आलेली नाही, हॉटेलमालक जिवंत असताना आली होती. आणि जिची आहे ती बाई सकाळपासून तीन वेळा सांगून गेलीय, की दहा वर्षांत मी या घराची पायरी चढलेली नाही.

बाईंनी ताटली पुसून, त्या माउलीच्या हातात द्यावी आणि म्हणावं, “ही तुमची ना? आमच्याकडे रिकामी परत देत नाहीत.” वर दोन लाडू ठेवावेत. पहिलं प्रकरण इथून लिहून पाठवा, कड्यावरचं मागाहून बघू.